बुर्गीला कुणी टिप दिली नाही

बुर्गी स्वयंपाकघरात आली ती भिंतीला टेकूनच उभी राहिली. चेहरा पिठासारखा पांढरा. मी सूपमध्ये सोडायचे पावाचे गोळे वळत होते, माझे हात थांबले.

"कोर्बिनियननं नऊ चाळीसच दिले," ती म्हणाली.

"बरं मग?"

"अगं, बिल नऊ चाळीस झालं आणि त्यानं नऊ चाळीसच दिले! नाणं नाणं मोजून!"

मी हातातला गोळा परातीत ठेवून दिला.

कोर्बिनियन म्हणजे आमच्या चर्चची घंटा वाजवणारा. माणूस चिकट, पण बुर्गीनं बिल सांगितलं की "दहा कर" म्हणायला तो कधी चुकला नव्हता. ऑस्ट्रियाच्या डोंगरातल्या आमच्या टिरोलमध्ये टिप अशीच देतात. वाढणारी बाई कमरेचं काळं पाकीट उघडून आकडा सांगते, आपण त्यावर थोडे चढवून मोठ्यानं आपला आकडा सांगायचा. बाहेरचे पाहुणे ताटाखाली नोट सरकवून गुपचूप निघून जातात. बुर्गीला ते कधीच आवडलं नाही. "मी काय दानपेटी आहे? द्यायचं तर माझ्याकडे बघून द्या," म्हणायची. आणि मोजून तेवढेच देणं, ते तर शिवीपेक्षा वाईट. सूप गार होतं, असं इथे कुणी तोंडानं म्हणत नाही. बिलाएवढेच पैसे मोजून देतात. बुर्गीच्या आधी जी बाई होती तिला साऱ्या गावानं असं मोजून दिलं होतं म्हणे. आठवडाभरात ती खोरं सोडून गेली.

बुर्गीचं पूर्ण नाव नोटबुर्गा. मोलकरणींची जी संत, तिचं. खिंडीपलीकडच्या शेतावर सात भावंडांत शेवटची. विशीच्या आत अल्फोन्सच्या या खानावळीत आली आणि इथेच तिचे गुडघे झिजले. कोण कुठली बिअर पितो, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, सगळं तिच्या डोक्यात. एखाद्याची बायको वारली, की तो पहिल्यांदा एकटा जेवायला यायच्या आधीच समोरची खुर्ची उचलून ती मागे नेऊन ठेवायची. कुणी सांगितलेलं नसायचं. तरी गावाच्या लेखी ती अजून 'पलीकडचीच'.

अल्फोन्सला मूलबाळ नाही, आणि आता कंबरही गेलेली. माणूस तापट. एकदा बुर्गी आजारी पडली म्हणून तो स्वतः वाढत होता. कुणी पाहुण्यानं टेबलावर चार नाणी जास्त ठेवली, तर ती घेऊन हा रस्त्यापर्यंत धावला आणि त्याच्या खिशात कोंबून आला. मी खिडकीतून बघून हसले होते. तर या हिवाळ्यात त्यानं बुर्गीला सांगितलं, "तूच घे ही खानावळ." तिनं होती नव्हती ती पुंजी घातली, वर बँकेचं कर्ज काढलं. याच सोमवारी नोटरीकडे कागदावर सह्या झाल्या.

"कुणाला सांगू नकोस," ती मला म्हणाली होती. "पलीकडची बाई मालकीण झाली म्हणून ही मंडळी रुसली, यायची थांबली, तर मी जाऊ कुठे?" मी सकाळी देवापुढे मेणबत्ती लावताना तिचं नाव घेत होते. आणखी काय करणार?

बुर्गी पुन्हा बाहेर गेली आणि लगेच आत आली. "क्रेसेन्झ आजीनं पण! मोजून!"

पोस्टात काम केलेली ती म्हातारी बुर्गीवर जीव टाकणारी.

"त्यांना कळलंय," बुर्गी पुटपुटली. "नाहीतर तो पक्षी. विन्झेन्झचा पक्षी मी काढायला नको होता."

लाकडाच्या गिरणीतला विन्झेन्झ गावच्या मंडळींच्या राखीव टेबलाचा कारभारी. त्यानं मारलेला, पेंढा भरलेला रानकोंबडा त्या टेबलाच्या वर टांगलेला असायचा. कसर लागली म्हणून बुर्गीनं तो सकाळीच माळ्यावर टाकला होता. विन्झेन्झ बाहेर एकटाच उरला होता.

"जा, घे त्याचं बिल," मी म्हणाले, आणि दारात उभी राहिले.

"तेरा ऐंशी," बुर्गी म्हणाली.

विन्झेन्झनं तेरा ऐंशी मोजले. एकेक नाणं बोटानं पुढे सरकवलं.

बुर्गीनं पाकीट टेबलावर आपटलं. "तोंडावर सांग विन्झेन्झ! मांस चिवट होतं? की त्या कसर लागलेल्या कोंबड्यासाठी सगळ्या गावाला फितवलंस?"

विन्झेन्झ दचकला. "तुला वेड लागलंय का गं?"

"मग मोजून का दिलेत?"

"अगं मालकिणीला कुणी टिप देतं का? टिप दिली म्हणून अल्फोन्सनं मला डावानं मारलेलं आठवत नाही का?"

मी बुर्गीकडे बघितलं. इतक्या पाहुण्यांना हीच तर सांगायची, मालकाला टिप देऊ नका, अपमान वाटतो त्याला.

"तुम्हाला... कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"नोटरीच्या दारात तुझी सायकल होती सोमवारी. नवा झगा घालून कुणी सायकलवर उगाच जातं? कोर्बिनियन सकाळीच म्हणाला, आजपासून नीट मोजा रे, नाहीतर ती म्हणेल अजून मोलकरीणच समजतात." त्यानं पायानं खुर्ची मागे ढकलली. "बस इथे. मालक माणूस उभा राहत नाही. आणि माझा कोंबडा कुठाय?"

इतक्या वर्षांत त्या टेबलाशी बुर्गी कधी बसली नव्हती. खुर्चीच्या कडेला टेकली, जणू कुणी उठवेल.

"आता बिअर कोण आणणार?" विन्झेन्झ ओरडला.

मीच आणली, पिठाच्या हातांनी. "चार वीस," मी म्हणाले.

"पाच कर," माझ्याकडे बघून विन्झेन्झ म्हणाला.

बुर्गीनं माझ्या हातातली पाचाची नोट पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली.

विन्झेन्झ घाबरून उभाच राहिला. "अरे देवा, आता काय चुकलं? दिली ना टिप!"