डाकू की डोली, एक नंबर

केशवराव आडगावकरांना कुणी नुसतं "पिक्चर कसा होता?" असं विचारलेलं खपत नसे. कितवा होता, असं विचारायचं. चांगला, वाईट, बरा हे शब्द त्यांच्या लेखी अडाण्यांचे. अमक्या दिग्दर्शकाचा तिसरा, तमक्या नटाचा पाचवा, असं बोलणारा तो रसिक. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात ते बसत. सकाळी कोणता कामगार किती मिनिटं उशिरा आला ते लिहायचं आणि उरलेल्या वेळात दिग्दर्शकांची लायकी ठरवायची, असा त्यांचा दिवस जाई. घरीही तेच. अनसूयाबाईंनी वांग्याची भाजी केली की पहिल्या घासाला हे म्हणत, "या वर्षातली चौथी." पहिली कोणती, असं बाईंनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ती आईनं केली होती." त्यानंतर दोन दिवस घरात खिचडी शिजली.

हे वेड एकट्याचं नव्हतं. समर्थनगरात व्यंकटराव वकिलांच्या बैठकीत दर रविवारी सकाळी 'रसिक चित्रमंडळ' भरे. कोर्टात व्यंकटरावांचं फारसं कुणी ऐकत नसे, म्हणून इथं ते अध्यक्ष. आठ-नऊ सभासद. सगळ्यांचे आजे एक तर भिक्षुकी करणारे नाही तर निजामाच्या कचेरीत कलम घासणारे, आणि नातू बँकेत, महसुलात, विम्यात. मंडळाचं एक जाडजूड रजिस्टर होतं. त्यात प्रत्येक दिग्दर्शकाचे सात आणि प्रत्येक नटाचे पाच उत्तम पिक्चर क्रमानं लिहिलेले असत. क्रम बदलायचा तर हात वर करून ठराव व्हायचा. नियम कडक होता: ज्यानं टॉकीजमध्ये जाऊन पिक्चर पाहिला त्यालाच मत, आणि पुरावा म्हणून फाडलेल्या तिकिटाचं अर्धुक रजिस्टरात चिकटवायचं. व्यंकटरावांची अर्धुकं मात्र टॉकीजसमोरचा पानवाला जमवून ठेवी. अध्यक्षांनी अंधारात तीन तास घाम गाळायचा म्हणजे काय! हळूहळू बाकीच्यांचीही अर्धुकं तिथूनच येऊ लागली होती.

साल शहाऐंशी. वाळूजला दर महिन्याला नवी कंपनी उभी राहत होती, आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून माणसं आठ वर्षं रस्त्यावर येत होती. त्यापायी घरं जळली होती, माणसं जिवानिशी गेली होती. मंडळात हा विषय निघाला की व्यंकटराव सुपारी कातरत म्हणायचे, "एका नावापायी एवढी तकरार! नावानं काय होतंय?" सगळे माना डोलवायचे. आणि त्याच बैठकीत, एका नटाचा कुठलासा पिक्चर तिसरा की चौथा यावरून भांडलेले दोन सख्खे मावसभाऊ वर्षभर एकमेकांच्या दारात पाऊल टाकत नव्हते. केशवरावांना यात विसंगत काही दिसलं नाही. तिसरा कुठं आणि चौथा कुठं!

मंडळात केशवरावांचं आसन दाराजवळ, चपलांच्या बाजूला. कारण ते खरोखर पिक्चर पाहत, आणि तेही डाकूंचे, घोड्यांचे, बंदुकांचे. सोहन बतरा नावाचा दिग्दर्शक असले पिक्चर काढी आणि केशवराव त्याचे भक्त. बाकीचे त्यांना हसत. शाळेत ते कधी पहिले आले नव्हते, कंपनीत दोनदा बढती हुकली होती, आणि वय बेचाळीस झालं होतं. यंदा मंडळाला दहा वर्षं पुरी होत होती, विशेषांक निघणार होता, आणि त्यात पहिला लेख आपला असावा एवढीच त्यांची इच्छा उरली होती. माणसाची इच्छा केवढी असावी याला काही धरबंध नाही, पण कधीकधी ती इतकी लहान असते की बघणाऱ्यालाच लाज वाटावी.

मार्चमध्ये बतराचा 'डाकू की डोली' लागला. एकच प्रिंट आणि टॉकीज दोन. गुलमंडीकडच्या अंजुममध्ये खेळ तासभर आधी सुरू व्हायचा, आणि तिथं दाखवून झालेली रिळं पत्र्याच्या डब्यांतून सायकलवर क्रांती चौकापलीकडच्या श्रीकमलला यायची. केशवराव कंपनीच्या सुट्टीला दुपारच्या खेळाला श्रीकमलला जाऊन बसले. मध्यंतरापर्यंत पिक्चर नेहमीचाच होता. मध्यंतर मात्र संपेना. केशवराव चहा प्यायला चौकात गेले तर तिथं नामांतराचा मोर्चा रस्त्यावरच बसलेला, हजारभर माणूस रणरणत्या उन्हात, आणि पोलिसांनी चारी बाजू बंद केलेल्या. ते चहा पिऊन परत आले तोवर तिसऱ्या वर्गातली जनता खुर्च्या मोडू लागली होती.

मग पडदा उजळला, आणि केशवरावांच्या आयुष्यात जे कधी झालं नव्हतं ते झालं. नायक मेला. पिक्चर निम्मा बाकी असताना मेला! चिता पेटली, नायिकेनं टाहो फोडला. आणि त्यानंतर तोच नायक घोड्यावर बसून लग्नाला निघाला, नाचला, आणि मग लहान झाला. शेवटी आई त्या एवढ्याशा पोराला भाकरीचा तुकडा भरवते आणि पडदा पांढरा होतो. 'समाप्त'ची पाटीसुद्धा नाही. लोकांनी शिव्या घातल्या. केशवराव मात्र खुर्चीत बसून रडले. मरणाकडून जन्माकडे! हे आजवर कुणी केलं होतं? बतरानं केलं होतं आणि ते एकट्या केशव आडगावकराला कळलं होतं.

चार रात्री जागून त्यांनी लेख लिहिला. रविवारी वाचून दाखवला. बतराच्या सातांच्या यादीत अजून नसलेला 'डाकू की डोली' थेट एक नंबरवर घ्यावा, अशी सूचना मांडली. सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. मग व्यंकटराव म्हणाले, "मला तर चिता पेटली तेव्हाच मामला कळला होता." पानवाल्याकडून आणलेलं अर्धुक कालच चिकटवलेलं, त्यामुळे त्यांना कळणं भागच होतं. अध्यक्षांना कळलं म्हटल्यावर बाकीच्यांनाही कळलं. सगळ्यांचे हात वर गेले, ठराव झाला, विशेषांकातला पहिला लेख ठरला, आणि केशवरावांची जागा दारातून उठून लोडापाशी आली.

पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या फाटकावर एक माणूस त्यांना विचारत आला. हा फकिरा, पडेगावचा. बाप मुंजाबा अजून दौलताबादच्या रस्त्याला मेंढरं चारत होता. फकिरा बारा वर्षं श्रीकमलची रिळं सायकलवर वाहत होता. मिशी पिकलेली, पायात टायरच्या चपला.

"सायेब, वळखलं का? तुमी दर पिच्चरला येता. मालकानं मला काढलंय."

"का रे?"

"डबा उशिरा आनला म्हनून. म्हनतेत, तू चौकात भाषण ऐकत बसला. पोलिसानं सायकल आडवली व्हती, सायेब. तुमी चा पीत उभे व्हते, माझ्याकडं बघितलं बी. मंग मोर्च्यातल्या लोकायनीच डबा डोक्यावरून हातोहात पलीकडं दिला, तवा आलो पळत. तुमी एक शबुद मालकाला सांगा. तुमचं ऐकतील."

केशवरावांना आठवलं. सायकल, डबे, हवालदाराशी हुज्जत घालणारा हा माणूस. त्यांनी पाहिलं होतं. सांगतो म्हणायला तोंड उघडलं आणि मध्येच त्यांच्या मनात एक शंका आली.

"त्या डब्यात काय होतं?"

"आठ, नऊ, धा नंबरची रिळं. लगीन अन् ल्हानपन. मी आडकलो म्हनून मालकानं अंजुमहून पुढचा डबा रिक्षानं आडवाटंनं मागवला. त्यात मरायचं व्हतं. लोकं खुर्च्या मोडायलीत म्हनल्यावर आपरेटरनं शेवटची पाटी कापून तेच लावलं, अन् मी आल्यावर माझं. लई उलटंपालटं झालं बगा."

भर दुपारी फाटकासमोर उभ्या उभ्या केशवरावांचा एक नंबर, लोडाजवळची जागा, पहिला लेख, सगळं धडाधड कोसळलं. आणि या माणसानं, ज्याचं बारा वर्षांचं काम गेलं होतं त्याला, पहिला प्रश्न काय विचारावा?

"हे तू आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुनाला सांगू? रिळाचं कुनाला पडलंय."

"बरं. सांगतो मी मालकाला," केशवराव म्हणाले.

अकरा दिवस त्यांनी सांगितलं नाही. श्रीकमलचे मालक काकासाहेब व्यंकटरावांचे जुने अशील. डबा का उशिरा आला हे त्यांना सांगायचं म्हणजे डबा उशिरा आला हे कबूल करायचं. मग तो आल्यावर काय लागलं आणि आधी काय लागलं होतं, हे चहा गार व्हायच्या आत समर्थनगरात पोचणार. विशेषांक छापायला गेला होता. रोज सकाळी कंपनीत उशिरा आलेल्यांची नावं लिहिताना त्यांना फकिरा आठवे. एकदा एका कामगारानं शपथेवर सांगितलं की करमाडची बस बंद पडली होती, आणि केशवरावांनी उशीर न लिहिता त्याला आत सोडलं. तेवढ्यानं त्यांना जरा बरं वाटलं, आणि असं बरं वाटल्याचा त्यांचा त्यांनाच राग आला. अनसूयाबाईंना त्यांनी सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, मग जाऊन या ना. पाच मिनिटांचं काम."

त्यातच बातमी आली की दौलताबादच्या किल्ल्यात चित्रीकरणासाठी खुद्द सोहन बतरा येतोय. व्यंकटरावांनी खटपट करून त्याला अर्ध्या तासासाठी मिळवला. एका शाळेच्या सभागृहात विशेषांकाचं प्रकाशन, अध्यक्ष व्यंकटराव, पुढच्या रांगेत काकासाहेब. खिडकीबाहेर, व्हरांड्यात, फकिरा उभा. केशवरावांनी त्याला पाहिलं आणि मनाशी पक्कं केलं की आज कार्यक्रम संपला की सांगायचं. आज नक्की.

त्यांनी लेख वाचला. बतराशेजारी बसून व्यंकटराव त्याचं कानात हिंदी करून सांगत होते. चिता आधी आणि डोली नंतर, हे ऐकताना बतराच्या कपाळावर आठी पडली. केशवरावांनी ती आठी नीट पाहिली. आता हा उठून म्हणणार, भाईसाहब, हे कुठलं पाहून आलात? खरं सांगायचं तर त्यांना सुटल्यासारखंही झालं. पण बतरा पंचवीस वर्षं धंद्यात होता. तो उठला आणि त्यानं केशवरावांना मिठी मारली.

"आपने पकड़ लिया! पूरे मुल्क में आप पहले आदमी हैं!"

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. सगळ्यात जोरात टाळ्या काकासाहेबांच्या. रिक्षा त्यांनीच पाठवली होती, पण मोडक्या खुर्च्यांतून असा मानसन्मान निघतोय म्हटल्यावर ते कशाला बोलतात! शाल, नारळ झाला. चहाच्या वेळी केशवराव धीर करून काकासाहेबांजवळ गेले.

"काकासाहेब, तुमचा तो फकिरा..."

"हां, तो कामचोर. बरी आठवण केली. म्हणतो पोलिसांनी अडवलं. तुम्ही त्या दिवशी होतातच की." काकासाहेबांनी आवाज चढवला. "तुम्ही सांगा केशवराव, पाहिलंत का काही? डबा कशानं अडला होता?"

व्यंकटराव वळले. बतरानं कप खाली ठेवला. खिडकीच्या गजांना धरून फकिरा आत पाहत होता. पाचच शब्द बोलायचे होते.

"मी आत पिक्चर पाहत होतो," केशवराव म्हणाले. "बाहेरचं मला काही ठाऊक नाही."

गजांवरचे हात निघाले.

केशवराव शालीसकट बाहेर धावले. फकिरा सायकलचं कुलूप काढत होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता, आणि तो असता तर फार बरं झालं असतं असं केशवरावांना वाटलं.

"फकिरा, अरे, लोकांसमोर... तुला कसं सांगू... मी उद्या एकांतात त्यांना..."

"ऱ्हाऊ द्या, सायेब." त्यानं सायकल वळवली. "मला दुसरं काम मिळंल. वाळूजला भरती चालू हाय. तुमाला ह्याच्याबिगर काय हाय?"

तो पडेगावच्या रस्त्याला लागला. आतून फोटोसाठी व्यंकटरावांच्या हाका येत होत्या, मधली जागा तुमच्यासाठीच ठेवलीय म्हणून. केशवरावांनी खांद्यावरून घसरलेली शाल सारखी केली आणि ते आत गेले.