लागलं की सरलं?

मृत्यूनोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईला सगळी वस्ती वहिनी म्हणायची. अठरा वर्षं तिनं मेलेल्यांची वयं लिहिली.

तिचा नवरा जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवणाऱ्या भट्टीवर. तिथली माणसं लवकर मरतात, हे मी, कामगार संघटनेचा माणूस, कारखाना-तपासणीच्या साहेबाला घसा फोडून सांगत होतो. साहेब म्हणाला, "पुरावा आणा." वहिनीनं तो गोळा करायला घेतला. घरोघरची मोजणी आणि मृत्यूंची वही शेजारी ठेवायची. भट्टीवरचे किती जण एकेका वयाला पोचले आणि त्यातल्या किती जणांनी पुढचा वाढदिवस पाहिला, ते काढायचं. पंचेचाळीसच्या ओळीत वीस पोचले, पुढचा वाढदिवस पाहिला तेरा जणांनी; सात मधेच मेले.

नवऱ्याला चव्वेचाळीस पूर्ण झाली होती. "पंचेचाळीस व्हायच्या आत यांना तिथून काढते," ती म्हणाली.

साहेब कागद बघून हसला. "लोक वय गोल करून सांगतात हो! चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. तुमच्या वहीत मधल्या वयात कुणी मरतच नाही!"

माझं डोकं फिरलं. वहिनीनं पिशवी उचलली. "चला भाऊजी, मेलेल्यांच्या घरच्यांनाच विचारू."

पहिल्याच दारात म्हातारी म्हणाली, "पंचेचाळिसावं लागलं होतं गं लेकाला."

"लागलं होतं, की सरलं होतं?"

"लागलं म्हणजे लागलं! सरायला राहिला कुठं तो?"

वहिनीचं पेन थांबलं. लोक लागलेलं वर्ष सांगत आले, आणि ती ते सरलेलं समजून लिहीत आली. सातही घरी तेच निघालं. सातही मरणं एक ओळ वर सरकली. चव्वेचाळीस. तिच्या नवऱ्याचीच ओळ.

"साहेबाचं तोंड बंद!" मी म्हणालो.

वहिनीनं वही मिटली. "मला वाटत होतं, अजून वेळ आहे," एवढंच बोलली आणि भट्टीकडे पळत सुटली.

नवरा फाटकाशी आला. "काय गं? कोण गेलं?"

"तुम्हाला पंचेचाळिसावं लागलंय."

"मग? पेढे वाटू?" हसत त्यानं हातमोजा ओढला. त्याचं मनगट लुळं होऊन खाली लोंबलं, अंगात शिसं भिनलेल्यांचं लोंबतं तसं. उचलायला गेला, उचलेना.

"कधीपासून?"

"आठ दिवस झाले." मग नजर चुकवून म्हणाला, "तुला काय सांगायचं? तू वहीत लिहून टाकलं असतंस."

वहिनीनं ते मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि त्याला फाटकाबाहेर ओढलं. आतून मुकादम ओरडत होता, पाळी संपली नाही अजून.