तळापासून एक हात वर

मी हे लिहायला बसलो याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. आई सही करते, वडील रस्त्यावरच्या पाट्या वाचतात. एखाद्या माणसावर लिहायचं तर तो माणूस पूर्ण कळलेला असावा लागतो, असं मला वाटतं, आणि भागाकाकी मला पूर्ण कळली होती असं म्हणायची माझी हिंमत नाही. जेमतेम दोन महिने मी तिच्या मागून गोव्यातल्या पेडण्याच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या माळांवर, फिरलो. त्यातलं जे आठवतं ते लिहितो. चुकेल तिथे सांभाळून घ्यावं.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कमरेपर्यंत चिखलात होतो. मोप्याच्या सड्यावर, एप्रिलच्या उन्हात, वरून सुकलेल्या दिसणाऱ्या एका डबक्यात मी पाय टाकला आणि गेलो. ओरडलो, तेव्हा करवंदीच्या जाळीमागून एक म्हातारी आली. काळी, काटक, हातात स्वतःहून उंच अशी चिव्याच्या बांबूची काठी. मला वाटलं, आता धावेल. ती काठावर शांतपणे बसली.

"कोणाचो रे तू?" तिने विचारलं.

मी वडिलांचं नाव सांगितलं.

"आज्याचा नाव काय?"

"काकी, आधी माका भायर काढ!"

"काढतंय रे. मूळ गाव खंयचा? सावंतवाडीच्या बाजूचा? आवस खंयची?"

आजोबांपासून आईच्या माहेरापर्यंत माझं अर्धं खानदान तिने काढून घेतलं. मग कुड्याच्या चार फांद्या तोडून माझ्यापुढे आडव्या टाकल्या, त्यांवर मला छातीने पालथं व्हायला लावलं आणि काठी पुढे केली. मी सरपटत बाहेर आलो. रागाने विचारलं, की मी बुडत असताना या चौकशा कशाला? ती म्हणाली, "बोलणारो मनीस हातपाय मारणा नाय. जितको नाचतलस, तितको आत जातलस." आणि मग हसून, "हो कमरेचो चिखल. नावाचो असतो तर इचारत बसलंय नसतंय, तुझ्या आवशीक सांगूक गेली असतंय."

चिखलाच्या तिच्या जाती होत्या. पावलाचा, ढोपराचा, कमरेचा आणि शेवटचा नावाचा. नावाचा म्हणजे ज्यात माणूस गेला की वर फक्त त्याचं नाव उरतं.

भागाकाकी हळर्णच्या बाजूला, सड्याच्या पायथ्याशी राहायची. नवरा लवकर गेलेला, मूल नाही. शेजारी पुतण्या वसंत, आणि गोठ्यात तीन म्हशी. तिची एक सवय साऱ्या वाड्यांना ठाऊक होती. दरवर्षी फाल्गुनात शिगमो, म्हणजे होळीचा सण, आटोपला की ती सड्यांवरच्या एकूण एक तळीत, डबक्यात, दलदलीत काठी घालून बघायची. काठीवर हाताहाताच्या अंतराने खाचा होत्या. लोक म्हणत, "भागाकाकी चिखलाची नाडी बघता." तिला मात्र एकच जाणून घ्यायचं असे. मे महिन्यात कुठली तळी टिकेल? वर पाणी किती आहे हे ती मोजतच नसे. "पाणी दिसता तितका खोटा," ती म्हणायची. "चिखल खोल, तर पाणी रवता." मे महिन्यात सड्याचा कातळ तव्यासारखा तापतो. म्हशीला लोळायला ओला चिखल मिळाला नाही तर तिची कातडी फुटते, दूध तुटतं. तीन वाड्यांच्या म्हशी काकीच्या काठीच्या भरवशावर होत्या.

मलाही खोल चिखलच हवा होता. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी कॉलेजातल्या सरांनी मला तो शोधायला सुट्टीतच पाठवलं होतं. फुलांची धूळ, म्हणजे परागकण, वाऱ्याने तळ्यात पडतात आणि चिखलात शेकडो वर्षं कुजत नाहीत. नळी घालून उभा चिखल काढला, थराथराने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पूर्वी त्या डोंगरावर कसली झाडं होती ते कळतं. मी हे काकीला समजावलं.

"म्हणजे माझ्या आजयेन केसात माळलेला फूल थंय गावतला?"

"फूल नाय काकी, त्याची धूळ."

"धूळ तर धूळ." ती उठली. "चल. खोल चिखल मी दाखवतंय. पण आजयेच्या वेळचो चिखल तू माका दाखवूचो."

असा आमचा करार झाला. रोज सकाळी सहाला मी सायकलने पायथ्याशी जायचो, पिशवीत चार उंडे पाव आणि कांदा घेऊन. ती पुढे, काठी खांद्यावर. आम्ही किती तळ्या पाहिल्या ते आता सांगता येणार नाही. बहुतेक ठिकाणी काठी दोन वितींत कातळाला लागायची आणि काकी तळीला शिवी दिल्यासारखं म्हणायची, "बशी!" चिखल बाहेर काढला की ती आधी वास घ्यायची, मग अंगठ्याने तळहातावर पसरायची. काळा आणि कुजलेल्या पानांच्या वासाचा असला की तिचा चेहरा खुलायचा.

वडील खाणीवर ट्रक चालवायचे. एकदा ते म्हणाले, डिचोलीला बंद पडलेल्या खाणीच्या खड्ड्यांत चिखल बघा, माणूस उभा बुडेल इतका. त्यांच्या ट्रकमधून आम्ही गेलो. काठी आत मावेना, म्हणून काकीने खिडकीची काच खाली करून ती बाहेर धरली. वाटेत समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर वडिलांना हाका मारून विचारायचा, "काय रे, झेंडो लावूचो रवलो काय?" खड्ड्यातला चिखल लालभडक होता. काठी जवळजवळ सगळी आत गेली. काकीने चिमूटभर चिखल नाकाशी नेला आणि टाकून दिला. "वासच नाय. ह्या चिखलात कोण रवलोच नाय." वडिलांना ते लागलं असावं. त्यांची सारी नोकरी त्या मातीवर झाली होती. पण तेही उतरले, वास घेऊन बघितला आणि हात पुसून ट्रककडे वळले.

शेवटी तिने मला काळी तळी दाखवली. ती तिने शेवटपर्यंत राखून ठेवली होती. सड्याच्या उतारावर, जांभळींच्या आड, अंगणाएवढी तळी. मे महिन्याचा आधार हीच. आम्ही माडाच्या झावळ्यांची दोन विणलेली झापं उथळ पाण्यातल्या चिखलावर अंथरली आणि त्यांवर उभे राहिलो. काठी दोन खाचा आत गेली, आणि तिथे काकी थांबली.

"अजून जाता," मी म्हणालो.

"जाता. अजून हातभर आसा. पण थांबूचा."

"कित्याक?"

"खाली चिखल लोण्यासारखो घट्ट जाता. काठी सांगता. थंय हात लावूचो नाय. कोणाच्या घरात गेलस, तर चुलीखालची माती उकरतस काय?"

मी नळी दोन हातच घातली. निघालेला चिखल केळीच्या पानावर आडवा ठेवला. वरून तांबूस, मग काळा, मध्ये एक बोटभर फिकट पट्टा. मी अंदाजाने एका जागी नखाने रेघ मारली आणि म्हणालो, "हो तुझ्या आजयेच्या वेळचो." खरं तर मला नक्की माहीत नव्हतं. काकीने त्यावर बोट ठेवलं आणि ठेवूनच बसली. मग फिकट पट्टा दाखवून म्हणाली, "ह्या वर्सा तळी आटली असताली. ऊन लागल्याबिगर काळो चिखल पांढरो जाणा नाय." सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

पण सर असंही म्हणाले, "तळ कुठे आहे? सगळ्यात जुना थर तळाशी असतो. तो नसेल तर गोष्ट अर्धी राहते." मी काकीची अट त्यांना सांगितली नाही. मला लाज वाटली. चुलीखालची माती हे काय कारण झालं?

पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. झापं अंथरली, नळी दोन हात घातली आणि वर फळी ठेवून दगडाने ठोकत राहिलो. शेवटी खाली कातळाचा आवाज आला. नळी उपसली. टोकाचा हातभर चिखल निळसर, मऊ, साबणासारखा होता. असा मी कुठेच पाहिला नव्हता. नळी निघाली तिथे थोडा वेळ बुडबुडे येत राहिले. मला तेही सुंदर वाटले. घरी येताना मी शीळ घालत होतो.

पाच दिवसांनी वसंतचा निरोप आला, काकी बोलावते. मी गेलो तर तळीचं पाणी अर्ध्याहून खाली होतं. काठाला ओल्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. तीन वाड्यांचे पाचसहा गुराखी उभे होते. सड्याचा दगड, जांभा, सगळा भोकांचा असतो. पाणी धरून ठेवतो तो तळाचा तो निळसर थर. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. पुस्तकात ते होतं, मी वाचलंही होतं.

काकीने ओंजळभर कोंडा पाण्यावर टाकला आणि सगळ्यांना गप्प केलं. कोंडा पसरला, थांबला, मग हळूहळू एका जागेकडे सरकू लागला. काकी झापावरून तिथे गेली, पालथी झाली, खांद्यापर्यंत हात आत घातला. बराच वेळ चाचपत राहिली.

"काय आसा गो?" एकाने विचारलं. "कोणी केल्यान ता?"

"खेकडो," काकी म्हणाली. "मोठो खेकडो आसा." आणि अंगठा आणि तर्जनी जुळवून तिने भोकाचं माप दाखवलं. ते माझ्या नळीचं माप होतं.

"येदो खेकडो? गावलो तर कालवण करूया!"

सगळे हसले. मी हसलो नाही.

काकीने सगळ्या वाड्यांच्या म्हशी मागवल्या. दुपारपर्यंत वीसेक म्हशी तळीत होत्या. त्यांना त्या जागेवरून इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवायचं, म्हणजे त्यांच्या खुरांनी चिखल मळला जातो आणि पुन्हा घट्ट बसतो. "म्हशीन मळलेलो चिखल पाणी सोडणा नाय," काकी सांगत होती. मीही म्हशींबरोबर चिखलात होतो, शेपट्यांचे फटके खात. दुसऱ्या दिवशी येताना मी घरून वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो निळसर हातभर चिखल आणला. कुणाचं लक्ष नाही असं पाहून मी तो त्या जागी खोल दाबला. काकी पाठमोरी होती. थोड्या वेळाने तिने सगळ्यात जड म्हैस नेमकी तिथेच आणली आणि उभी केली.

पाणी उतरायचं थांबलं. पण त्या वर्षीचं पाणी गेलंच होतं. म्हशींना रोज नदीवर न्यावं लागलं. बूच खरंच बसलं की नाही हे पुढचे दोन-तीन पावसाळे आणि उन्हाळे सांगणार होते. "मे म्हयन्यात कळतला," काकी म्हणाली. मला काहीच विचारलं नाही. निघताना एवढंच म्हणाली, "शीक, झिला."

प्रकल्पात मी लिहिलं: तळ गाठता आला नाही. सरांनी थोडे गुण कापले. पुढच्या उन्हाळ्यात मी सड्यावर गेलो नाही. प्रवेश परीक्षा होती, हे मी सगळ्यांना सांगितलेलं कारण. खरं कारण, तळी कोरडी दिसेल ही भीती. मग मी पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला आलो. काकीला जाऊन सांगायचं, असं दर सुट्टीत ठरवलं आणि दर सुट्टीत राहिलं.

गेल्या आठवड्यात, जून लागता लागता, वसंतचा फोन आला.

"काकी गेली," तो म्हणाला. "शिगम्यात."

शिगम्यात! मी जवळजवळ ओरडलोच. तीन महिने कुणी मला सांगितलं कसं नाही?

"तिनाच नको म्हणून सांगल्यान. म्हणाली, मे म्हयनो सरासर थांब. मगे काळ्या तळीत माझी काठी घाल. पाणी रवला असात, तर पुण्याक त्या खेकड्याक फोन कर. नसात, तर करूच नको." मग त्याने विचारलं, "माका कायच कळाक नाय बघ. पुण्याक आमच्या वळखीचो तूच एकलो. कोण रे ह्यो खेकडो?"

मी एवढंच विचारलं, "काठी घातलस?"

"काल घातलंय. म्हशी आतच आसत. पाणी कमरेइतक्या आसा. आणि चिखलात दोन खाचा गेली, मगे थांबलंय. तिना सांगल्यान होता, थंय थांबूचा."