आभाळ उलटं लागलं

मुलुंडच्या आमच्या फोटो स्टुडिओची डार्करूम म्हणजे मागची मोरीच होती. खिडकीला काळा कागद, वर लाल दिवा, कट्ट्यावर औषधांचे तीन ट्रे. हे पुढच्या खोलीत फोटो काढायचे आणि मी मागे छापायचे. दोन्ही खोल्यांच्या मध्ये पडदा. गिऱ्हाईक आलं की मी पडद्याच्या आत. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. सासूबाई म्हणायच्या, "काळोखात बसान अंडी उबवतंस काय गो?" पण त्या काळोखात माझा हात चालायचा. मी चौथीपर्यंत शिकले, तरी कुठल्या कागदाला किती उजेड लागेल ते मला पाहताक्षणी कळायचं.

त्या हिवाळ्यात एका कारखानेवाल्या शेठने ऑफिसच्या भिंतीसाठी मोठा फोटो मागितला. त्यांच्या गच्चीवरून दिसणारा मागचा डोंगर, संध्याकाळचा. "डोंगर पाहिजे, आभाळ पाहिजे, खालचं गवत पण पाहिजे," म्हणाले. ह्यांनी स्टँड लावून एकाच जागेवरून तीनदा फोटो घेतला. एकदा कॅमेऱ्यात कमी उजेड घेऊन, एकदा मध्यम, एकदा भरपूर. तिन्ही धुऊन पाहिले तर एकात ढग छान पण खाली नुसता काळोख. दुसऱ्यात डोंगर बरा, पण वर पांढरं आणि खाली काळं. तिसऱ्यात गवताची पातीन् पाती, नि आभाळ कोरं.

हे वैतागले. "एकसुद्धा धड नाही. असली कामं शिकलेल्या माणसाची. घाटकोपरचा तो कारागीर पुढच्या महिन्यापासून यायला तयार आहे. तू आता घर बघ."

कारागीर आला की माझी डार्करूम गेली, एवढं मला कळलं. मी म्हटलं, "हे काम मी करते. मग काय ते ठरवा."

तिन्ही चांगलेच होते. ज्याच्यात जे चांगलं, त्याच्याकडून तेवढंच घ्यायचं, बस. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. एन्लार्जर म्हणजे फोटो मोठा करायचं यंत्र, त्याच्याखाली कागदावर डोंगराची कड पेन्सिलीने उतरवली आणि तशी पुठ्ठ्यात कापली. मग एकाच कागदावर तीनदा उजेड पाडायचा. पहिल्या फिल्मचं आभाळ पाडताना खालचं सगळं पुठ्ठ्याने झाकायचं. मग फिल्म बदलून डोंगर, मग गवत. पुठ्ठा एका जागी धरला तर जोड दिसतो, म्हणून तो सारखा हलवत राहायचा, चुलीवरून हात फिरवतो तसा. दहा कागद फुकट गेले. अकरावा औषधात टाकला आणि आधी ढग उमटले, मग डोंगर, मग गवत. जोड मलाच सापडेना. हे पडदा सारून आत आले, पाहून म्हणाले, "झकास!"

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ यायचे होते. सकाळी फोटो उन्हात धरला आणि चूक दिसली. सूर्य उजवीकडे होता आणि गवतात उभ्या ताडांच्या सावल्याही उजवीकडेच पडल्या होत्या. आभाळाची फिल्म मी उलटी बसवली होती.

फिल्मची बाजू मी ओठाने ओळखायचे. कोपरा ओठाला लावला की मसाल्याची, म्हणजे चित्र उमटलेली बाजू जराशी चिकटते. त्या थंडीत ओठ फुटले होते म्हणून मी तूप लावलं होतं. दोन्ही बाजू सारख्याच घसरल्या, आणि मी घाईत एक खरी धरली. डोंगराची कड तिथे जवळजवळ सपाट, त्यामुळे उलटं आभाळ बसवतानाही काही खटकलं नाही.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "कोण बघतंय गं? गप्प बस."

शेठ आले. पडद्याआडून मला सगळं ऐकू येत होतं. "वा! असंच दिसतं आमच्या गच्चीवरून," ते म्हणाले. हे कागदात गुंडाळायला लागले. मी गप्प राहिले असते तर डार्करूम माझी झाली असती. पण तो चुकीचा सूर्य त्या भिंतीवर राहिला असता आणि तो मी लावला होता. मी पदर घट्ट धरून बाहेर आले.

"साहेब, हा नेऊ नका. सूर्य चुकीच्या बाजूला आहे."

शेठने फोटो पुन्हा उघडला, जवळ नेला, लांब धरला. मग डोकं खाजवून हसले. "अहो, रोज बघतो मी तो डोंगर. सूर्य डावीकडेच बुडतो की! वहिनी, मला हे कळलंच नसतं. तुम्हीच छापलात काय?"

"हो. परवा नीट करून देते." एवढं बोलून मी आत आले.

तिसऱ्या दिवशी शेठ नवा फोटो घेऊन गेले. ताडांच्या सावल्या आणि सूर्य, जिथल्या तिथे. त्या वेळेपासून मी ओठांवर विसंबत नाही. फिल्मच्या कडेला बारीक आकडे असतात, ते सुलटे वाचता आले म्हणजे फिल्म सुलटी. लाल दिव्याखाली डोळ्याजवळ धरून वाचते. आकडे वाचायला चौथी पुरते.

त्याच संध्याकाळी ह्यांनी घाटकोपरच्या कारागिराला कार्ड लिहिलं आणि पेटीत टाकायला माझ्याच हातात दिलं. मी वाचलं. "तूर्त गरज नाही," एवढंच होतं. मला 'तूर्त' आवडलं नाही. कार्ड पेटीत न टाकताच घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "दुसरं कार्ड लिहा. 'तूर्त' नको." त्यांनी लिहिलं.