पांगाऱ्याचं धनुष्य

माझ्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊक नाही. कोणाच्या घरी गेले तरी वाकडी चटई सरळ करीन, उसवलेली शिवण दिसली की सुई मागीन. लोक म्हणतात, बाई मोठी कामाची! मला मात्र ह्या हातांचा राग येतो. कोणी सांगितलं नसताना ह्याच हातांनी मी माझ्या बापाच्या कामाचा सत्यानाश केला. आणि वर पुढची तीन वर्षं स्वतःला मोठी समंजस समजत राहिले.

बाबा सुतार होते. शिरपूरला येष्टीतून उतरलं की दीड कोस पायी, तिथं आमचं गाव. वखर, तिफण, बंडीची चाकं, दाराच्या चौकटी, सगळं ते करायचे. पण पंचक्रोशीत त्यांची ओळख धनुष्यामुळे. चैत्रात, नवमीच्या दुसऱ्या दिवशी गावात स्वयंवराचा खेळ व्हायचा. खेड्यापाड्यांतून आलेल्यांना उजेडात परतता यावं म्हणून तो दुपारीच ठेवत. एकेक राजा मिशीला पीळ देत यायचा, धनुष्य उचलायला वाकायचा आणि धपकन पडायचा. लोक पोट धरून हसायचे. शेवटी देव यायचा, दोरी ओढायचा आणि धनुष्य मधोमध मोडायचं. मोडायचं ते पहिल्याच ओढीला, आणि मागच्या बहिऱ्या म्हातारीलाही ऐकू जाईल अशा आवाजात. ते काम बाबांचं.

"मजबूत चीज कोनीबी करते," ते म्हणायचे. "पाह्यजे तवाच मोडन, त्याच्या आंधी नाई, अशी करून दाखवा."

लाकूड पांगाऱ्याचं. धामणाचं धनुष्य वाकतं पण मोडत नाही, ते शिकाऱ्याला ठीक. पांगारा हलका आणि ठिसूळ. नाल्याकाठच्या पांगाऱ्याची आपसूक बाक आलेली फांदी ते पौषातच तोडून सावलीत वाळत ठेवायचे. मग वाकसानं तासायचं, रंध्यानं गुळगुळीत करायचं. मुठीच्या जागी, आतल्या अंगाला, पटाशीनं खोबण पाडायची आणि तिच्यात तुरीच्या कडक वाळलेल्या काड्या, तुराट्या, ठासून बसवायच्या. आवाज त्या तुराट्यांचा. लाकूड मोडलं की त्याही कडाडून मोडायच्या.

नटवायचं काम माझं. आठ वर्षांची होते तेव्हापासून. पिवडी कालवायची, दोन्ही टोकांना गेरूचे पट्टे ओढायचे, बाभळीच्या डिंकानं सोनेरी बेगड डकवायची, मधे मधे आरशाचे तुकडे. टोकांना मोराची पिसं. आई गेल्यावर घरात रंगीत असं तेवढंच एक उरलं होतं. सगळं झालं की बाबा धनुष्य गोठ्यात न्यायचे आणि दार लोटून घ्यायचे. आत बारीक करवतीनं मुठीच्या बाहेरच्या अंगाला काप घ्यायचे आणि त्यावर एक कागद स्वतः डकवायचे. तो काप त्यांनी कोणाला दाखवला नाही. मलाही नाही.

खेळ झाला की मोडलेला एक तुकडा देवळात जायचा, दुसरा सुताराच्या घरी. तो जाळायचा नाही अशी रीत. आमच्या माळ्यावर असे पंधरा-वीस तुकडे पडून होते, उंदरांनी बेगड कुरतडलेले. त्यातला एकही मी कधी हातात घेऊन पाहिला नाही. कशाला पाहीन? माझं लक्ष नेहमी नव्याकडे.

मोठा दुष्काळ सरल्यानंतरचं साल. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, सासर जऊळक्याच्या बाजूला. चैत्रात मी नेहमीसारखी माहेरी आले तर बाबा ओट्यावर बसलेले, आणि मी अगदी समोर उभी राहीपर्यंत त्यांनी मला ओळखलं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून बाहेर जायचे. त्या हिवाळ्यात एका शेतकऱ्यानं त्यांनी केलेलं तिफणीचं दांडं वाकडं म्हणून परत आणून टाकलं होतं. तेव्हापासून कोणी काम देईना.

मी आले त्याच दिवशी खेळ बसवणारे शाळेचे मास्तर घरी आले.

"बुवा, राग मानू नका," ते म्हणाले. "पन यंदा तुमच्यानं होते का? अकोल्याले पत्र्याचं भेटते. खटका दाबला का मोडते."

 बाबा म्हणाले, "एवढ्या साली करू द्या, मास्तर. माह्या हातानं बिघडलं, तं पुढच्या साली मीच म्हनीन, पत्र्याचं आना. मंग म्या करवतीले हात लावनार नाई."

मास्तर गेले. मला इतकी चीड आली की मी त्यांची चहाची कपबशी आदळलीच. बाबा मात्र हसले. "काहून रागावतं वं? त्यानं खरं थेच इचारलं."

ह्या वेळी त्यांनी क्रम बदलला. कागद डकवणं आता नजरेला झेपेना, म्हणून सकाळच्या उन्हात, गोठ्याच्या दारात बसून काप आधीच घेतला आणि धनुष्य माझ्याकडे दिलं. "मधात कागदाबिगर काई करू नको," त्यांनी बजावलं. "पातळ कागद, एकच पदर. समजलं?"

"समजलं म्हटलं ना," मी म्हणाले.

दुपारी ते कडुनिंबाखाली झोपले आणि मी रंग घेऊन बसले. टोकं झाली, आरसे झाले. मग मधला भाग बघायला धनुष्य दोन्ही टोकांनी उचललं, तर ते मधे डुगडुगलं आणि कुरकुरलं.  काप बघितला. तिरपा होता, आणि केवढा खोल! करंगळीच्या नखाएवढं लाकूड उरलं असेल नसेल. करवत सरळ चालायची ती घसरत गेली, दिसलंच नाही त्यांना, असं मला वाटलं. वाटलं कसलं, खात्रीच झाली. मायबाई, आता कसं?

खेळाआधी ह्या धनुष्याची गावातून मिरवणूक निघायची. चौघं जण फार जड असल्याचं सोंग करत ते खांद्यावर न्यायचे, दारोदारी बाया हळदकुंकू वाहायच्या. तिथंच मोडलं म्हणजे? देवाच्या हातात जायच्या आधी, भर रस्त्यात? गाव हसेल, अपशकुन म्हणेल, आणि बाबा उद्याच हत्यारं बांधून ठेवतील. मी लाकूड चिकटवायचा सरस चुलीवर पातळ केला. काप भरून टाकला. वर जुन्या धोतराची चिंधी सरसात भिजवून गुंडाळली, वाळल्यावर काचेच्या तुकड्यानं घासून अगदी सपाट केली, आणि त्यावर बेगड. थोडासाच आधार देते, असं मनाशी म्हणत होते. ओढणारा तरणाताठा गडी, त्याला मोडायला काय लागतंय! धनुष्य परत उचललं. डुगडुगलं नाही, कुरकुरलं नाही. मला केवढं बरं वाटलं! बाबा उठले, त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं. एवढंच दिसलं त्यांना की झगमगतंय. "लय साजरं केलं व माय," ते म्हणाले.

चैत्राच्या उन्हात सरस दगडासारखा होतो, हे सुताराच्या पोरीला माहीत असायला हवं होतं.

मिरवणूक थाटात झाली. मांडवात बाबा पहिल्या रांगेत बसले, नव्या धोतरात, डोळे बारीक करून. राजे पडले, लोक हसले. मग अकोल्याच्या कॉलेजात शिकणारा पाटलांचा पुतण्या देव होऊन आला. ढोलकी थांबली. त्यानं दोरी ओढली. काही झालं नाही. परत ओढली. धनुष्य नुसतं वाकलं. त्यानं मास्तरांकडे पाहिलं, मग गुडघा लावला. मुकुट कानावर घसरला.

"भाकर द्या रे कोनी नवरदेवाले!" मागून कोणी ओरडलं.

"कुऱ्हाड आना, कुऱ्हाड!"

"मास्तर, नवरी वापस चालली ना बापा!"

हसून हसून लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. शेवटी मास्तरांनी ढोलकीवाल्याला खूण केली, ढोलकी कडाडली, देवानं धनुष्य पडद्यामागं फेकलं आणि नवरी झालेल्या पोरानं घाईघाईत हार घातला. बाबा उठले. चाचपडत पडद्यामागं गेले. मी त्यांच्या मागं.

"द्या इकडं," ते मास्तरांना म्हणाले. धनुष्य हातात घेऊन त्यांनी मुठीवरून बाहेरच्या अंगानं अंगठा फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. अंगठा कुठं अडेना. इतकं सपाट घासलं होतं मी.

"कापलंच नाई म्या," बाबा म्हणाले.

मास्तर पडद्याच्या दोऱ्या सोडायला लागले.

परतताना धनुष्य त्यांच्या खांद्यावर होतं. पारावरून कोणीतरी म्हणालं, "बुवा, लय मजबूत बनोलं गा!" आणि पुन्हा सगळे हसले. घरी आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं.

"बाई, मले तं पक्कं याद हाये. गोठ्याच्या दारात बसलो होतो. करवत हातात होती. भुसा मांडीवर पडला. मंग हे सारं मले सपनात दिसलं का?"

तेव्हा बोलायला हवं होतं.  सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, की बाबा, तुमचा काप वाकडा गेला होता, म्हणून मी तो बुजवला. त्यापेक्षा आपण विसरलो असं त्यांना वाटलेलं बरं. म्हातारी माणसं विसरतातच. हात गेला हे मात्र त्यांना सोसणार नाही, असा मी हिशेब केला आणि म्हणाले, "जाऊ द्या ना बाबा. होते असं."

"होते असं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हत्यारांना तेल लावलं, पोत्यात बांधलं आणि न मोडलेल्या धनुष्यासकट माळ्यावर टाकलं.

पुढच्या साली अकोल्याहून पत्र्याचं आलं. बाबा खेळाला गेले नाहीत. त्यांना आता कशाचाच भरवसा राहिला नव्हता. दाराची कडी लावून पुन्हा बघायला जायचे, तीन तीनदा. ताट धुऊन झालं तरी विचारायचे, "बाई, मी जेवलो का?" त्यांना सगळं नीट आठवत होतं. जे आठवतं ते खरं आहे की नाही, एवढंच त्यांना कळेनासं झालं होतं. दर चैत्रात मी यायचे, हे बघायचे, रडायचे आणि गप्प राहायचे. गप्प राहण्यातच त्यांची अब्रू राखतेय, असं मला खरोखर वाटायचं.

तिसऱ्या वर्षी मार्गशीर्षात चार दिवसांच्या तापानं ते गेले. चैत्रात मी घर आवरायला आले. एका सकाळी माळा उतरवला. सगळे जुने तुकडे अंगणात पसरले आणि पहिल्यांदाच हातात घेऊन पाहिले. पहिल्या तुकड्याचं तोंड तिरपं होतं. खोलवर गुळगुळीत काप आणि शेवटी करंगळीच्या नखाएवढंच फाटलेलं लाकूड. दुसऱ्याचं तसंच. तिसऱ्याचं तसंच. 

मी ते शेवटचं धनुष्य घेतलं. मुठीवर बाहेरून ओलं फडकं ठेवलं, बदलत राहिले, दुपारपर्यंत. बेगड सुटली, चिंधी सुटली. विळ्याच्या टोकानं कापातला सरस खरवडून काढला. मग जुना तुकडा त्याच्या शेजारी धरला. तोच तिरपेपणा, तेवढीच खोली. केसाचाही फरक नाही. डोळे गेलेल्या माणसानं तो काप घेतला होता, नुसत्या हातानं, आणि तो तीळभरही चुकला नव्हता. ते डुगडुगणं, ते कुरकुरणं, दर वर्षी तसंच असलं पाहिजे. काप घेतल्यानंतरचं धनुष्य मी त्याआधी कधी हातात धरलंच नव्हतं.

दोरी अजून शाबूत होती. मी उभी राहिले आणि ओढली. जोर लावावाच लागला नाही. पहिल्याच ओढीला ते मधोमध मोडलं, आणि तीन वर्षं माळ्यावर वाळलेल्या तुराट्या अशा कडाडल्या की कुडावरचे कावळे उडाले.

शेजारची काकू कुडापलीकडून ओरडली, "काय मोडलं वं?"

"काई नाई काकू," मी म्हणाले.