मंजण्णाला विचारायचं राहूनच गेलं

मंडळी, आज फार थकलेय.

म्हैसूरला, विजयनगरच्या घरी बसून मी किनाऱ्याजवळच्या बेटांभोवतीच्या समुद्राचे फोटो तपासते. जहाजांना चिकटून आलेले परके शिंपले शोधायचे, कारण ते इथल्या शिंपल्यांना जागाच ठेवत नाहीत.

आज एका फोटोत पाण्यातल्या दोरावर ते गच्च दिसले. लगेच तिथून हे फोटो काढून पाठवणाऱ्या आमच्या होडीवाल्या मंजण्णाला फोन लावला.

"अक्का, हे तर मी उन्हाळ्यापासून बघतोय."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही फोटोच मागता. मला कधी विचारलंत?"

मी माफी मागितली. अहवालात पहिली नोंद त्याच्या नावाने केली. पण इतक्या महिन्यांत पसरलेले ते शिंपले आता निघणं कठीण आहे.

आई म्हणाली, "साकु गं, पुरे झालं काम, जेव आता." मी ताट बाजूला ठेवून हे लिहायला बसले.

तुमच्या कामात असा कोण आहे, ज्याला ठाऊक असतं, पण कुणी विचारत नाही?