मेडलवरची मुळा

“मॅडम, अहो, तुम्ही नदीचा डोंगर केलात!”

फोनवर सबनीस सर होते. मी पिरंगुटच्या एका शाळेचे क्रीडादिनाचे बिल्ले पॅक करत बसले होते. हातात चिकटपट्टी, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन. म्हटलं, “सर, सावकाश सांगा. कुठली नदी?”

“कुठली म्हणजे? मुळा! आत्ता तुम्ही सँपलचा फोटो पाठवलात ना? नदी उभी राहिलीय आणि डोंगर खड्ड्यात गेलेत. सगळं उलटं झालंय.”

मी चिकटपट्टी खाली ठेवली.

मी काय करते ते आधी सांगते. भरे गावात माझं मेडल आणि ट्रॉफी बनवायचं छोटं युनिट आहे. शेड सासऱ्यांच्या जागेत, मशिनरी माझ्या हौसेची. कबड्डीचे कप, कंपन्यांचे ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’, शाळांचे बिल्ले, सगळं करते. गावातल्या बायका मला चिडवतात, “दिसभर बक्षिसं करतीस, तुला कदी मिळालं का गं एखादं?” मी म्हणते, मला ऑर्डर मिळते, तेवढं बास.

सबनीस सर म्हणजे भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक, एका भूगोल मंडळाचे सेक्रेटरी. त्यांचं मंडळ दरवर्षी एकाच माणसाचा गौरव करतं. ज्याने रानोमाळ हिंडून एखादा मुलूख समजून घेतला, त्याचे नकाशे केले, असा माणूस. आणि त्यांचा एक रिवाज मला फार आवडला. ज्याने जो मुलूख पायाखाली घातला, तोच मुलूख त्याच्या मेडलच्या पाठीवर. पुढच्या बाजूला दरवर्षीचं मंडळाचं चिन्ह, मागे ज्याची त्याची जमीन.

यंदा मानकरी होत्या मालतीबाई. ऐंशीच्या पुढच्या. सर कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकलेले. ताम्हिणीपासून पौडपर्यंत मुळेचं खोरं बाईंनी पायी पालथं घातलं होतं. कुठला झरा उन्हाळ्यात आटतो, कुठल्या खिंडीतून बैल उतरतो, सगळं त्यांच्या नकाशांत आहे. ऑर्डर द्यायला आले तेव्हा सर म्हणाले होते, “बाईंना आता जवळजवळ दिसत नाही. म्हणून नुसत्या रेघा नकोत. डोंगर वर यायला हवा, नदी आत जायला हवी. बाई अंगठ्याने वाचतील. मॅडम, हार-तुरे कमीजास्त झाले तरी चालेल, पण बाईंच्या अंगठ्याखाली चुकीची मुळा नको.”

एवढं बजावूनही आता ते म्हणत होते, नदी उलटी.

मेडल कसं बनतं, ते थोडक्यात. आधी पोलादाचा साचा करतात, त्याला डाय म्हणतात. धातूची चकती डायवर ठेवून प्रेसने ठोका मारायचा, की डायमधला आकार चकतीवर उठतो. गंमत अशी, की डायमध्ये सगळं उलटं असतं. मेडलवर डोंगर हवा असेल तर डायमध्ये खड्डा. मेडलवर नदी हवी तर डायमध्ये उंचवटा. डाय कापून झाली की ती कडक करण्याआधी आम्ही शिशाच्या चकतीवर एक ठोका मारून बघतो. शिसं मऊ, आकार लगेच धरतं. त्याच सँपलचा फोटो मी सरांना धाडला होता.

मी ते शिशाचं सँपल हातात घेऊन बघितलं. वेड्यासारखी फिरवत बसले. नदीला जसे फाटे, तसेच डोंगराच्या सोंडांना फाटे. मला काय कळणार कुठली मुळा आणि कुठली डोंगराची धार? माझं माहेर सासर दोन्ही मुळशीचं, पण मुळशी मी कधी आभाळातून बघितली नाही. प्रेसवरच्या नामदेवभाऊंना विचारलं. ते माझ्या नवऱ्याचे बालमित्र, मला वैनी म्हणतात.

“वैनी, नदी हाय का डोंगूर हाय, मला काय म्हाईत? मी ठोका मारतुया.”

मग मी गणेशला फोन लावला. गणेश परभणीचा पोरगा, मारुंजीत रूम घेऊन राहतो, कॉम्प्युटरवर माझी डिझाइनं करतो. कामाला वाघ, पण मला वाटलं, डायसाठी एकदा उलटं करायचं ते याने दोनदा केलं. या धंद्यात हे होतं.

“मॅडम, मी एकदाच उलटं केलंय. चारदा बघितलं. डेटा बरोबर आहे बघा.”

“गणेश, तिकडे चाळीस वर्षं नकाशे शिकवलेला माणूस सांगतोय. तुझं ऐकू का त्यांचं?”

“तुम्ही म्हणाल तसं करतो. पण मला पटंना.”

“पटवून नंतर घे. आधी कर.”

त्याने केलं. मी नवी डाय कापली, शिशावर ठोका मारला, त्याच जागी उभी राहून पुन्हा फोटो काढला आणि पाठवला. सरांचा लगेच फोन. आवाजात साखर. “वा! आता कशी मुळा मुळेसारखी दिसतेय. धन्यवाद मॅडम!” मी डाय कडक करून आणली आणि मंडळाच्या सभासदांसाठी पितळी मेडलं ठोकायला सुरुवात केली. बाईंचं मेडल तेवढं चांदीचं होतं. त्याची एकच चकती आणलेली. ती शेवटी, सरांच्या समोर ठोकायची असं ठरलं होतं.

मधल्या काळात नामदेवभाऊंशी माझी रोज खडाजंगी चालली होती. फुकट गेलेली डाय आम्ही टाकत नाही. ग्रायंडिंगवाल्याकडून तिचं तोंड घासून घेतो आणि त्याच पोलादावर नवीन काम करतो. ती जुनी डाय घेऊन जा, घेऊन जा, म्हणून मी सांगत होते. आणि भाऊंचं एकच, “जातुया की. उद्या जातुया.” पुतण्याच्या साखरपुड्याची धामधूम त्यांच्या अंगात आली होती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर सर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढे. भाऊंनी चांदीची चकती प्रेसवर बसवली. सरांनी टेबलावरचं एक पितळी मेडल उचललं. फार खुशीत होते.

“मॅडम, बाई कशा बघतील सांगू? अशा.” त्यांनी डोळे मिटले आणि मेडलवरून अंगठा फिरवू लागले. “ही पौडकडची बाजू... इथून वर... ही मुळा...”

अंगठा थांबला. परत मागे गेला. पुन्हा पुढे आला. सरांनी डोळे उघडले नाहीत, पण चेहरा पांढराफटक पडला.

“थांबा!” ते ओरडले. “ठोकू नका!”

भाऊंनी हँडलवरचा हात झटक्यात काढला. “आरं बाबा, काय झालं?”

सर मेडल घेऊन शटरपाशी उजेडात गेले. ते सरळ धरलं, उलटं धरलं, गोल फिरवलं. मग मला म्हणाले, “मॅडम, तो फोटो तुम्ही कुठे उभ्या राहून काढला होता?”

मी दाखवलं. त्या टेबलाशी, खिडकीकडे पाठ करून.

सर स्टुलावर बसले. “म्हणजे उजेड खालून. मी गाढव आहे, मॅडम.”

मग त्यांनी जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. डोंगरांना सावली देऊन नकाशा काढतात, तेव्हा उजेड नेहमी वरून, डावीकडून येतो असं धरतात. जगभर तशीच पद्धत आहे. तसे नकाशे बघून बघून डोळ्याला सवय लागते. उजेड खालून आला, की मेंदू तो वरूनच आलाय असं समजतो आणि खड्ड्याचा डोंगर करून टाकतो, डोंगराचा खड्डा. माझं पहिलं सँपल बरोबर होतं. खालच्या उजेडामुळे सरांना ते उलटं दिसलं. दुसरं खरोखर उलटं होतं, ते त्याच उजेडात सुलटं दिसलं.

“हे मी पोरांना दरवर्षी शिकवायचो हो! फळ्यावर काढून!” सर कपाळाला हात लावून म्हणाले. “जरा कमी शिकलेला असतो, तर फसलो नसतो.”

मला हसूही येत होतं आणि रडूही. गणेशची आठवण झाली आणि मनातल्या मनात जीभ चावली. पण आधी बाईंचं मेडल. उद्या सकाळी कार्यक्रम. नवी डाय कापायला वेळ नव्हता. एकच आशा होती.

“भाऊ, ती पहिली डाय कुठंय?”

भाऊ मान खाजवायला लागले. “ती व्हय? त्याचं काय झालं वैनी...”

“दिली का घासायला?”

“न्हाई वो. न्ह्यायची ऱ्हायलीच. चिडू नका. चहाच्या टेबलाचा पाय हालत व्हता, त्याच्या बुडाला सारलीया.”

या माणसावर ओरडू की त्याच्या पाया पडू, मला कळेना. शेवटी मी खाली बसून टेबल उचललं आणि भाऊंनी डाय ओढून काढली. पुसली. तोंडावर ओरखडासुद्धा नव्हता. भाऊंनी ती कापडात नीट गुंडाळून मगच सारली होती. एवढी अक्कल त्यांना आहे, हे मी तेव्हाच कबूल करून टाकलं.

अडचण एकच. ही डाय कच्ची होती, कडक केलेली नव्हती. कच्च्या डायवर पितळ ठोकलं तर डायच दबून बसते. पण चांदी मऊ असते. ती आधी तापवून आणखी मऊ करून घेतली, तर एक नग निघू शकतो. फार तर दोन. आमच्याकडे चकती एकच.

“निघेल का?” सरांनी विचारलं.

“भाऊंना विचारा.”

“निगंल,” भाऊ म्हणाले. “फकस्त आता कुनी बोलू नका.”

मी चकती तापवून दिली. भाऊंनी ती बसवली, हाताने चाचपली, परत बसवली. सरांनी डोळे मिटून घेतले. ठोका पडला. भाऊंनी मेडल बाहेर काढून थेट सरांच्या हातात ठेवलं. सरांनी डोळे न उघडताच अंगठा फिरवला. आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. भाऊ घाबरले. “पुन्ना चुकलं का काय?”

“नाही हो. पेढे घ्या.”

मी लगेच गणेशला फोन केला आणि सरळ माफी मागितली. तो म्हणाला, “मॅडम, मला पटंना म्हणलं होतं की मी.” एवढंच. पोरगं सोन्यासारखं आहे.

कार्यक्रम पौडला, एका शाळेच्या हॉलमध्ये झाला. बाईंनीच सांगितलं होतं, काम मुळशीत केलं, मग बक्षीस पुण्यात कशाला? चुकलेली पितळी मेडलं सरांनी सभासदांना वाटलीच, वर स्वतःची सगळी फजिती माइकवर सांगितली. म्हातारी म्हातारी माणसं मोबाइलचा टॉर्च कधी वरून, कधी खालून मारत लहान पोरांसारखी हसत होती.

बाईंनी मेडल घेतलं. पुढच्या बाजूकडे लक्षसुद्धा दिलं नाही. पाठीवर अंगठा ठेवला आणि हळूहळू निघाल्या. अंगठा चालत होता, थांबत होता, वळत होता. मी मागच्या रांगेत पदराचं टोक मुठीत धरून बसले होते.

“कोणी केलंय हे?” बाईंनी विचारलं.

सरांनी मला पुढे ढकललं. बाईंनी माझा हात धरला. “मुळा बरोबर आहे. ताम्हिणीची खिंड बरोबर आहे. पण डोंगर उंच केलेस तू. एवढे नाहीत ते.”

मी म्हटलं, “बाई, खऱ्या मापाने केले असते तर एवढ्याशा मेडलवर हाताला लागलेच नसते. म्हणून उंची वाढवावी लागली.”

बाईंचा अंगठा परत एकदा त्या धारेवरून वर चढला.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “चढताना एवढेच होते.”

तेव्हापासून माझ्याकडे फोटोवर अप्रूव्हल बंद. ज्याला मेडल हवं, त्याने भरेला यायचं, चहा घ्यायचा आणि सँपलवर स्वतःचा अंगठा फिरवून मगच सही करायची. परवा कबड्डीच्या कपांवाला वैतागून म्हणाला, “ताई, कपाला काय हात लावून बघायचं?” म्हटलं, बघ बाबा. मोठमोठ्यांना नुसतं बघून कळलेलं नाही.